गंजाचं औषध

"थांब. पंप चालू करू नकोस."

पंपवाल्याने ऐकलं, पण लिव्हरवरचा हात काढला नाही. त्याने आधी लांब उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बंदराच्या नव्या धक्क्याचं कंत्राट बाईंचं होतं आणि त्या साइटवर पानही बाईंना विचारूनच हलायचं. थांब म्हणणारी होती त्यांची भाची, साइटची इंजिनिअर.

ओहोटीने उघड्या पडलेल्या जागेत तुळई ओतायची फळ्यांची पेटी तयार होती. सळ्या बांधून झाल्या होत्या. पाणी परत चढायच्या आत काँक्रीट ओतून व्हायला हवं होतं. काँक्रीट घेऊन आलेल्या गाडीचा ड्रम गरगरत होता, मजूर फावडी घेऊन उभे होते, आणि भाची गाडीच्या ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिली होती.

"औषध घातलंय का यात?"

ड्रायव्हरने नजर चुकवली. "प्लांटवर संपलं होतं, मॅडम. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आहे तसं घेऊन ये."

साइटवर सगळे त्याला गंजाचं औषध म्हणत. काँक्रीट कालवतानाच ते त्यात मिसळायचं. समुद्राचं मीठ काँक्रीटमधून झिरपत झिरपत आत जातं आणि सळीला गाठतं. सळी गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की आतूनच काँक्रीट फोडते. औषध असलं की सळी मिठाला सहजासहजी दाद देत नाही. पण ते घालायचं तर आधी. एकदा काँक्रीट घट्ट झालं की उशीर झालेला असतो. शेजारीच जुना धक्का होता. त्याच्या भेगांतून तांबडे ओघळ आले होते आणि मासळीच्या टोपल्या नेणाऱ्या बायका त्याच्या एका कडेवर पायसुद्धा टाकत नसत.

बाई तरातरा आल्या. "काय तमाशा चाललाय?"

"आत्या, यात औषध नाही."

"साइटवर बाई म्हणायचं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, एका गाडीने काय होतंय? सळी काँक्रीटच्या पोटात. तिथे कोण बघायला जाणारे?"

"समुद्र."

मागे कुणाला तरी हसू फुटलं. त्याने लगेच खोकल्याचं सोंग केलं. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आणि पाणी शिरलं आत, तर? सगळ्या सळ्या खाऱ्या होतील. सोडा, धुवा, परत बांधा. एवढ्या माणसांची मेहनत मातीत. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"मग सोडू, धुऊ, परत बांधू."

बाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. "चालू कर रे पंप."

भाची शिडीवरून खाली उतरली. सळ्यांच्या जाळ्यातून वाट काढत ती बरोबर पाइपच्या तोंडाखाली जाऊन उभी राहिली. वर पाहून म्हणाली, "ओता."

पंपवाल्याने लिव्हरवरचा हात काढून खिशात घातला. "बाई, आपल्याच्याने नाही व्हायचं हे."

आईवडील गेल्यावर या पोरीला बाईंनीच घरी आणलं होतं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, तरी हिला बांधकामाचंच शिक्षण घ्यायचंय म्हणून त्या सगळ्यांशी भांडल्या होत्या. आता तीच चारचौघांत त्यांच्यासमोर उभी ठाकली होती. बाईंचा आवाज चिरकला.

"वर ये. आणि उद्यापासून तोंड दाखवू नकोस इथे."

"उद्या नाही येणार. पण आज मी इथे आहे. आज हा माल पडणार नाही."

ती तिथेच उभी राहिली. भरतीचं पाणी आधी बुटांच्या तळव्यांना लागलं, मग घोट्यांवर आलं. गाडी भरल्या ड्रमानिशी परत गेली, तेव्हाच ती वर आली. बाई कधीच निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी तिने आत्याच्या घरातली आपली बॅग भरली. आत्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. सुरी नेहमीपेक्षा जोरात चालत होती. "येते," असं भाची दारातून म्हणाली. सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

नोकरी मिळेना. सगळीकडे एकच ऐकू यायचं: सख्ख्या आत्याने काढलं म्हणजे काहीतरी असणारच. शेवटी ती फरशांच्या दुकानात लागली. गिऱ्हाईक विचारायचं, "पाय घसरणार नाही ना यावरून?" ती म्हणायची, "घसरेल. ही नका घेऊ." मालक कपाळाला हात लावायचा. धक्क्याचं पुढे काय झालं, औषध घातलं की नाही, हे ती कुणाला विचारत नसे. विचारावंसं मात्र रोज वाटे.

एक दिवस एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. भाचीने न्हाणीघराच्या फरश्या काढायला सुरुवात केली.

"फरशी नकोय मला," त्या म्हणाल्या. "समुद्राला लागून प्रसूतिगृह बांधतेय. कामावर लक्ष ठेवायला इंजिनिअर हवाय. तुम्ही याल?"

लगेच हो म्हणावंसं तिला वाटलं. तरी तिने स्पष्टच सांगून टाकलं, "आधीच्या कामावरून मला काढून टाकलंय. आधी चौकशी करा आणि मग बोलवा."

"केली ना. तुमच्या आत्यांकडेच गेले होते."

हातातली फरशी तिने हळूच खाली ठेवली. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'माझं ऐकलं नाही तिने. तुमचंही ऐकणार नाही. तिलाच घ्या.'"