चतुराबाईची सीडी

सिदूने लॅपटॉपच्या बाजूचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. त्याने सीडी बसवली आणि ट्रे आत ढकलला. आत काहीतरी फिरलं आणि थांबलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही.

"ड्राइव्ह दिसंनाच," सिदू म्हणाला. "कधीपासून असं हाय?"

म्हाळूने योगिताकडे पाहिलं.

"सायलीनं नवं विंडोज टाकून घेतलं तवापासून," योगिता म्हणाली. "सीडी बनवायचं जुनं सॉफ्टवेअर होतं, तेबी काढलं म्हणती. आधी चालत होती."

पाटोद्याच्या बसस्टँडसमोरच्या सिदूच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल होतं. म्हाळूने ते तिला दिलं होतं आणि स्वतः दाराशी उभा होता.

"काकू का ह्या?" सिदूने विचारलं.

"साली हाय माझी. आन् भावजयबी."

"म्हंजे दोन्हीकडून बोलणी खाता की काका!"

"खाऊ द्या," योगिता म्हणाली. "बोलणी खाऊन कुणी मरत न्हाई. मरायचं ते माणूस मेलं."

सिदू कामाला लागला.

दोघी बहिणी एकाच घरात दिल्या होत्या. थोरली चतुराबाई म्हाळूला, धाकटी योगिता त्याच्या भावाला, हनुमानला. चतुराबाई उन्हाळ्यात गेली. तिचं पोट दुखायचं. स्कॅन केलं तेव्हा पिशवीशेजारी गाठ निघाली. डॉक्टरने ते चित्र बघून लगेच पिशवी काढायला सांगितली. ऑपरेशननंतर ताप चढला तो उतरलाच नाही.

तेव्हापासून योगिताचं एकच म्हणणं होतं. दाजी मेंढरं घेऊन रानात राहिले, आक्काला वेळेत दाखवलं नाही. हे तिने घरात सांगितलं, भावकीत सांगितलं, म्हाळूच्या मुलीला, सायलीलाही सांगितलं. सायली मावशीकडे राहायला गेली. बापाशी ती बोलत नव्हती. आज लॅपटॉपसुद्धा तिने मावशीच्या हातीच पाठवला होता.

बीडचा एक डॉक्टर म्हणाला होता, स्कॅनची चित्रं पेनड्राइव्हवर आणा, गाठ किती जुनी असेल त्याचा अंदाज सांगतो. सीडी आणू नका, आमच्याकडे ती लावायला काही नाही. म्हाळूला तेवढंच हवं होतं. उशीर झाला असेल तर झाला. पण नसेल, तर सायलीला कुणीतरी शिकलेल्या माणसाने तसं सांगावं.

सिदूने ड्राइव्हचं नाव शोधून काढलं. त्याच्यापुढे बिघाडाचं पिवळं चिन्ह होतं. त्याने ते नाव काढून टाकलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. चिन्ह परत आलं.

"मेली का?" म्हाळूने विचारलं.

"न्हाई काका, ड्राइव्ह चांगली हाय. जुनं सॉफ्टवेअर गेलं, पण जाताना आपल्या दोन नोंदी आत ठेवून गेलं. विंडोज अजून त्याला विचारायला जातंय, आन् ते जाग्यावर न्हाई. मंग पुढं कुणीच जात न्हाई."

"आता कशापायी बघायचं हे सगळं?" योगिता म्हणाली. "डॉक्टर काय येगळं सांगणार? त्या दिवशी आक्कासंगं मलाबी घातलं होतं त्या मशीनीत. माझंबी दुखत होतं. आमच्या ह्यांनी दुखाय लागल्या लागल्या नेलं, म्हणून माझ्यात काई निघालं न्हाई. तुमी तिला वरीसभर काढा पाजला."

"तीच येत नव्हती, योगे."

"हात धरून न्यायचं असतं."

समोरच्या टपरीवरून चहा आला. योगिताने कप बाजूला सारला. पित्त वाढलंय, अन्न वर येतंय, म्हणाली.

सिदूने दोन्ही नोंदी शोधून पुसल्या आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. या वेळी सीडी फिरत राहिली. ड्राइव्ह दिसू लागली. त्याने ती उघडली. काळ्या पडद्यावर पोटाची करडी चित्रं एकामागून एक सरकू लागली.

"थांबव," म्हाळू म्हणाला.

गाठ दिसत होती. डॉक्टरने कागदावर बोट ठेवून दाखवली होती तीच.

योगिता स्टुलावरून उठली आणि स्क्रीनजवळ वाकली.

"बघा," ती म्हणाली. "डोळं भरून बघा दाजी. एवढी गाठ पोटात वाढती आन् घरातल्या माणसाला कळत न्हाई? आंधळ्यालाबी कळंल. सायलीला दावते मी हे. आता तर तुमची तिच्यापुढं उभं राहायची सोयच उरली न्हाई."

म्हाळूची मान खाली गेली. ती म्हणत होती ते खरंच होतं. एवढी मोठी गाठ होती.

"भरून दे बाबा पेनड्राइव्हवर," तो हळू म्हणाला.

"भरतो. फोल्डरला नाव काय देऊ?"

"चतुराबाई म्हाळू वाघमोडे."

सिदूने दोन अक्षरं टाइप केली आणि थांबला. त्याने सीडीचं पाकीट उलटून पाहिलं. वर पेनने चतुराबाईचंच नाव होतं. मग तो स्क्रीनच्या कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरं वाचू लागला.

"काका, पाकिटावर ते नाव हाय, पण आत सगळ्या फोटोंवर दुसरंच हाय. योगिता हनुमान वाघमोडे. ह्या कोण?"