आठवी गाठ

झोन कार्यालयाच्या जिन्यावर कांचन सगळ्यांत पुढे होती. तिच्या हातात जुन्या ओढणीचं टोक, ओढणीला सात गाठी आणि प्रत्येक गाठीला एक मूल. सगळ्यांत धाकटी जुई कडेवर होती, पण तिच्याही मुठीत गाठ होतीच. रस्ता ओलांडताना गाठ सोडायची नाही, हा कांचनच्या पाळणाघराचा पहिला नियम. जिना म्हणजेही रस्ताच.

निगमची, म्हणजे इथल्या महापालिकेची, तिजोरी रिकामी होती. धंद्यांवरचा कर वाढवायचा प्रस्ताव आला होता आणि त्यावरच्या हरकती आज सकाळी अकराला ऐकायच्या होत्या. अकराला या सातजणांच्या आया मंडीदीपच्या कारखान्यांत यंत्रांपुढे उभ्या असतात. पाळणाघराला कुलूप घालता येत नाही. म्हणून कांचन पाळणाघर घेऊनच आली होती.

हॉलमध्ये दुकानदारांचा गलका चालला होता. एक मिठाईवाले शेठ टेबलावर हात आपटत होते. टेबलापलीकडे अधिकारी, दिगंबर खापर्डे, कपाळ चोळत बसले होते.

"बच्चों को बाहर बिठाइए, मॅडम."

"बाहर सीढ़ी है, साहब." ती मागे वळली. "मयूर, गाठ सोडलीस ना? धर बघू."

खापर्ड्यांनी मान वर केली. "मराठी का?"

"अमरावतीची. आता मिसरोदची."

"मग मराठीतच बोला. माझी आई आर्वीची." त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "तुम्ही इथे, कोचिंग क्लासच्या खाली. फी घेऊन मुलं सांभाळणारे सगळे एकाच रकान्यात घातलेत. दर दुप्पट."

"कोचिंगवाल्यांची मुलं आपलं नाक आपण पुसतात, साहेब."

मागे कुणीतरी हसलं. खापर्डे हसले नाहीत. "दिवे लावायचे, गटारं उपसायची, कचऱ्याच्या गाड्या चालवायच्या. पैसा कुठून आणायचा? कुणाला तरी भरावाच लागणार."

"भरतेय की. एक वर्ष चुकवलेलं नाही. पण दुप्पट केलात तर मला तो या पोरांच्या आयांकडे मागावा लागेल. तिघींनी आधीच सांगितलंय, नोकरी सोडू म्हणून. तिघींची पोरं गेली की भाडं निघत नाही, माझं दार बंद. मग उरलेल्या चौघीही घरी. त्यानंतर निगमला माझ्याकडून किती मिळेल, तेही लिहा त्या रकान्यात."

खापर्ड्यांनी पेन उघडलं, परत मिटलं.

"तो फिर हमारा भी सुनिए!" शेठनी हात उचलला.

कांचनने ओठांवर बोट ठेवलं. "सो रही है."

जुईचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं. शेठनी तिच्याकडे पाहिलं आणि उचललेला हात हळूच खिशात घातला. पुढची हरकत कुजबुजत आली, त्यापुढचीही. पंखा कुरकुरतो, हे सकाळपासून पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं.

खापर्डे शेजारी बसलेल्या टायपिस्ट बाईकडे झुकून दबक्या आवाजात म्हणाले, "शिशुगृह. अलग श्रेणी की सिफ़ारिश." मग कांचनला, "माझ्या हातात शिफारस तेवढी आहे. ठरवणार निगमची परिषद."

"परिषदेची बैठक कितीला?"

"अकरा."

"मग येऊ आम्ही."

या वेळी मात्र खापर्डे हसले.

ती अर्धा जिना उतरली तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. टायपिस्ट बाई होती. धापा टाकत ती दोन पायऱ्या वर थांबली.

"दीदी, मेरा सवा साल का है. पड़ोसन के भरोसे छोड़कर आती हूँ." तिची नजर ओढणीच्या गाठींवर होती.

कांचनने झोपलेली जुई अलगद तिच्या हातांत दिली आणि पायरीवर बसली. ओढणीचं टोक दातांत धरून तिने आणखी एक गाठ मारली, ओढून पाहिली.

ओढणी तेवढी आखूड झाली. मुलं एकमेकांच्या जवळ सरकली.