दुसरा पट्टा

कंपवात झाल्यापासून रमाकांत केळुसकर कमरेला एक बोलणारा यंत्र-पट्टा बांधत. तोल जायच्या आधीच तो चालीवरून ओळखे आणि बोले, "थांबा, आधार घ्या." आज मात्र रमाकांत हट्टाला पेटले.

"यंत्राला विचारून मी चालणार नाही!"

"अहो, त्यात एवढं काय? हे बघा, मीच बांधते," निर्मला, त्यांची बायको, हसत म्हणाली. पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधून ती स्वयंपाकघराकडे निघाली.

"थांबा, आधार घ्या," पट्टा म्हणाला.

"बिघडलाय मेला!" ती परत फिरली. पट्टा पुन्हा तेच बोलला.

रमाकांतांचा राग कुठच्या कुठे गेला. "निर्मला, काय होतंय तुला?"

ती भिंतीला धरून उभी राहिली. "तळपाय बधिर झालेत. शुगर आहे ना इतकी वर्षं. जमीन कळतच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला उठवायचं, न्हाऊ घालायचं. मीच आजारी म्हटल्यावर कोण करणार?"

रमाकांतांनी तिला खुर्चीत बसवलं. थरथरत्या बोटांनी दवाखान्याचा नंबर लावायला त्यांना बराच वेळ लागला, पण फोन त्यांनी तिच्या हाती दिला नाही.

"डॉक्टर, केळुसकर बोलतोय. नाही, मी बरा आहे. आज बायकोला घेऊन येतोय."