शेवटच्या डब्याचं उत्तर

“ब्रेक लावले,” ड्रायव्हर वॉकीटॉकीत म्हणाला आणि सवयीने थांबला.

खरं तर थांबायची आता गरज नव्हती. समोरच्या पडद्यावर मालगाडीच्या सगळ्या डब्यांचे चौकोन एका झटक्यात हिरवे झाले होते. जुन्या ब्रेकांची हवा नळीतून सरकत सरकत शेपटापर्यंत पोचायची, तोवर ड्रायव्हरने खिडकीला कोपर टेकून वाट बघायची. नव्या ब्रेकांना हुकूम तारेतून जात होता. पहिला डबा आणि शेवटचा डबा बरोबरच चाकं आवळत होते. पण चाचणीपुरता सुरक्षेचा नियम कडक होता. पडद्याचं उत्तर घ्यायचं आणि मागच्या डब्यातल्या गार्डाचंही घ्यायचं. दोन्ही जुळली तरच नवे ब्रेक पास.

“लागले,” मागून गार्डाचा आवाज आला.

“जुळलं,” शेजारी बसलेले तपासनीस साहेब म्हणाले. “आता ब्रेक सोडून बघायचे. तेही जुळलं की सुटलो. गार्डाचा डबा इथेच गाडीपासून तोडायचा. मागच्या माणसाला विचारत बसायची कटकटच संपली.”

मागचा माणूस ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ होता. साहेब बाहेरून आलेले, त्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा धाकटा डॉक्टरांना आणायला धावला होता. तो त्यांना घेऊन येईतो वडील गेले होते. थोरल्याने भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला म्हटलं, “तू वेळेवर आला असतास तर माणूस वाचला असता.” धाकट्याने खाली घातलेली मान वर केली नाही. त्यानंतर तो भावाच्या घराची पायरी चढला नाही.

पुढे एकदा त्याच डॉक्टरांनी थोरल्याला बाजारात गाठून सांगितलं, की वडील क्षणात गेले होते, मी उशाशी बसलेला असतो तरी काही करू शकलो नसतो. थोरला “बरं” म्हणाला आणि भाजीची पिशवी घेऊन घरी आला. त्याच पावली धाकट्याकडे जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. जितकं लांबलं तितकं तोंड उघडणं जड होत गेलं.

उरलं ते कामाचं बोलणं. दोघे एका गाडीवर असले की नियमाने बोलावंच लागायचं. ब्रेक लावले. लागले. ब्रेक सोडतोय. सुटले. थोरल्याची बायको म्हणायची, “तुम्हा दोघांना घरीही हे असलं बोलायचं एकेक डबडं आणून देते. म्हणजे निदान जेवलास का एवढं तरी विचाराल.” तो हसण्यावारी न्यायचा. पण ड्यूट्या लावणाऱ्या कारकुनाला हळूच सांगून यायचा, गार्ड तोच दे बाबा, कामाला चोख आहे. धाकट्याला सर्दी झाली आहे की रात्री झोप लागलेली नाही, हे त्याला त्या एका ‘लागले’वरून कळायचं.

आता तेही संपत होतं. गार्डाची बदली गोदामाच्या कचेरीत झाली होती.

“चला, सोडा ब्रेक,” साहेब म्हणाले.

ड्रायव्हरने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली. हिच्यावर कामाखेरीज अवाक्षर बोलायचं नाही, असं तो नव्या पोरांना दटावून शिकवत आला होता. त्याने बटण दाबलं.

“त्या दिवशी बाबा गेले ते तुझ्या उशिरामुळे नव्हे,” तो म्हणाला. “डॉक्टर मला म्हणाले होते. मीच तुला सांगितलं नाही.”

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मागून काहीच आलं नाही. मग आवाज आला, नेहमीसारखाच, नियमातला.

“परत सांगा.”

ड्रायव्हरने पुन्हा बटण दाबलं. पण सगळा जीव गोळा करून जे उचललं होतं, ते एकदाच उचलण्यापुरतं बळ त्याच्याकडे होतं. त्यात साहेब बघत होते.

“काही गडबड आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब.” तो वॉकीटॉकीत म्हणाला, “ब्रेक सोडतोय.”

चौकोन लगेच पांढरे झाले. मागून उत्तर यायला मात्र फार वेळ लागला, जुन्या ब्रेकांना लागायचा त्याहून किती तरी जास्त.

“सुटले.”

“जुळलं,” साहेब म्हणाले.

गार्डाचा डबा तोडला. दुसऱ्या इंजिनाने तो यार्डाकडे ओढून नेला. ड्रायव्हरने खिडकीबाहेर डोकं काढून पाहिलं, पण मध्ये वळण होतं. डब्यांच्या पाठीखेरीज काही दिसलं नाही. नाही ऐकू गेलं तर नाही गेलं, त्याने मनाची समजूत घातली. कधी तरी घरी जाऊन सांगता येईल. आपण जाणार नाही, हेही त्याला माहीत होतं.

नवे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीची तरुण इंजिनिअर चाचणीसाठी मागे गार्डासोबत बसली होती. ती खडीवरून चालत आली आणि धापा टाकत इंजिनात चढली. सिग्नल मिळाला होता.

“मागची वॉकीटॉकी तपासून घ्या,” साहेब तिला म्हणाले. “मध्येच त्यांना ऐकू येईनासं झालं होतं.”

“छे, शब्द न् शब्द येत होता,” ती म्हणाली. “काकांनी तर दोन्ही हातांनी ती कानाशी धरली होती. मला म्हणाले, पोरी, जरा पंखा बंद कर, दादा परत सांगतोय.”