हात वर केलेला माणूस

"तुमचं खातं धडधडीत खोटं बोलतं, बाबा," कॉलेजातली लेक तोंडावर म्हणाली. हवालदार घोलप कमरेचा पट्टा सोडता सोडता हसले. "बरं बाई, मग खरं कोण बोलतं?"

"हा गेम." तिनं लॅपटॉप पुढे सरकवला. "पोलिसांचाच आहे, अगदी खराखुरा. खेळून बघाच. आधी ओरडून ताकीद द्यायची. हात वर केलेल्याला मारलं, की खेळ खलास."

"पंचवीस वर्षं दुसरं काय करतोय गं?" घोलपांनी गेममधलं दार ऐटीत तोडलं. आत एक माणूस हात वर करून उभा होता. घोलपांनी सवयीनं आधी त्याला आडवा केला, ताकीद मागून दिली. पडद्यावर अक्षरं उमटली: तुम्ही निलंबित आहात.

त्यांना लेकीकडे बघवेना. गेल्या महिन्यात बाजारातली अतिक्रमणं हटवताना रसवंतीवाल्याचं डोकं फुटलं होतं. 'पळताना पडला,' असं ठाण्याच्या डायरीत त्यांनीच लिहिलं होतं.

"त्या रसवंतीवाल्याची मुलगी माझ्या वर्गात आहे," लेक म्हणाली. "मान वर करा आणि सांगा बाबा, त्याचे हात वर होते की नव्हते?"