चटणी वाढलीच नाही

आमच्या ह्यांना काचबिंदू निघाला. पण डोळ्याचं प्रेशर नॉर्मल होतं, अन् ह्यांनी तेवढंच धरून ठेवलं.

"काका, प्रेशर नॉर्मल असूनही काहींची डोळ्याची नस वाळते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकू शकते," डॉक्टर सांगून सांगून थकला. हे मात्र पहिला नंबर आल्यासारखे अख्ख्या नंदनवन कॉलनीत सांगत फिरले, "प्रेशर एकदम नॉर्मल आहे गा! डॉक्टर उगाच थेंब गळ्यात मारून राहिला." थेंबांची शिशी फ्रीजमध्ये तशीच सीलबंद.

काल जेवायला बसले अन् सुनेवर खेकसले, "सोनिका, चटणी काहून नाही वाढली वं? माहेरी काही शिकवलं नाही काय?"

"वाढली नं, बाबा," पोरगी रडकुंडीला आली. तिनं चटणी, लिंबू, मीठ रीतीप्रमाणे ताटात डावीकडेच वाढलं होतं, अन् वांग्याची भाजी उजवीकडे. हे तिच्यावर डोळे वटारून बसले होते, तेवढ्यात मी गुपचूप ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली.

"पाह्य, बोललं तवा वाढली!" हे बोट चाटत माझ्याकडे पाहून जिंकल्यासारखे हसले. मग पोळीचा तुकडा मोडला, अन् हात ताटावर तसाच थांबला.



"आता वांग्याची भाजी कोनं उचलली वं?"