मनातला देव

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या सासूबाई म्हणाल्या, "देव आला होता. इथं पायथ्याशी बसून त्यानं माझं भजन ऐकलं."

"गुंगीच्या औषधाचा भास तो, आजी," डॉक्टर हसले. "आपल्या मनात असतं तेच समोर दिसतं. बाहेर सांगत बसू नका, लोक वेड्यात काढतील."

"काढू देत की! मी तर सगळ्यांना सांगणार," सासूबाई कडाडल्या. "आणि माझ्याच मनातला असता, तर मला तोंडावर 'बाई, तू बेसूर गातेस' असं म्हणाला असता होय?"



डॉक्टरांनी हसत माझ्याकडे पाहिलं. मी मात्र हात जोडले होते.
"देवच होता हो, डॉक्टर. हे बोलायची आमच्या घरात आजवर कुणाची छाती झालेली नाही."